दांड्यावर चार हात

मिल बंद झाली तेव्हा माझ्या हाताला एकच काम येत होतं, आणि तेही अर्धं. मी प्रिंटिंग खात्यात होतो. लांब टेबलावर कापड ताणलेलं असे, त्यावर जाळीची फ्रेम, फ्रेममध्ये रंग, आणि तो रंग जाळीतून खाली उतरवायला स्क्विजी, म्हणजे लाकडी दांड्यात बसवलेली रबराची पट्टी. कापडाचा पन्हा एवढा रुंद की एका माणसाचा हात पलीकडे पोचत नसे. म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक जण. मी अलीकडून ढकलत मध्यापर्यंत न्यायचो, तिथे माझा जोडीदार दांडा धरायचा आणि स्वतःकडे ओढून घ्यायचा. मध्यावर क्षणभर दांड्यावर चार हात असत.

सगळी मेख त्या क्षणात होती. दोघांचा दाब सारखा नसला किंवा दांड्याचा कल जरा बदलला, की कापडाच्या मधोमध रेघ उमटायची. अलीकडे रंग गडद, पलीकडे फिका. नव्या जोड्यांच्या कापडावर ती रेघ महिनोन्महिने हटत नसे. आमची गेली ती कायमचीच. छापताना आम्ही एकमेकांकडे बघतही नसू. खात्यात रीतच होती की जोडीदार आला नाही तर टेबल बंद. दुसऱ्याबरोबर कुणी उभं राहत नसे, आणि एकट्याने तर नाहीच.

भोंगा वाजायचा थांबला तरी मी त्याच वेळी उठायचो आणि करायला काही नाही म्हणून घरच्यांवर खेकसायचो. जोडीदारच एक दिवस घरी आला. म्हणाला, "अरे भिया, कपडा नाही तर शर्ट छापू. आजकल बाजारात जो तो छापील टी-शर्टच मागतो. टेबल तुझ्या ओसरीत लावू, आणि स्क्विजी तर आहेच आपल्याकडे."

ती स्क्विजी शेवटच्या दिवशी खात्याच्या मास्तरांनी आम्हाला दिली होती, दोघांना मिळून. एकाशेजारी एक असे दोन शर्ट बसतील अशी फ्रेम आम्ही बनवून घेतली. शर्टाची छाती ती केवढी! हात सहज पोचतो. पण आम्ही उभे राहिलो ते टेबलाच्या दोन बाजूंनाच. लांब स्क्विजी एकट्याने ओढली तर टोकांना दाब पडणार नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे दुसरं काही माझ्या डोक्यातच येत नव्हतं. बायको म्हणाली, "शर्टाला दोन माणसं! उद्या रुमाल छापायला चार बोलावाल." आम्ही दोघंही हसलो. तेव्हा तो माझ्याइतकाच मोकळा हसला होता, हे मला आजही आठवतं आणि आजही राग येतो.

काम बरं चाललं होतं. मग रबराची कड बोथट झाली. कड गेली की रंग जाळीवरच लोळतो, खाली एकसारखा उतरत नाही. "पॉलिश पेपरवर घासून आणतो," म्हणून तो स्क्विजी घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, महूला सासूबाई आजारी आहेत, जावं लागतंय. मी टेबलावर चादर घातली. गिऱ्हाईक आलं की सांगायचो, जोडीदार नाही, टेबल बंद आहे. सांगताना मान ताठ असायची. बायको म्हणाली, दुसरी स्क्विजी आणा आणि करा एकटे. मी तिच्यावर ओरडलो. माणूस अडचणीत आहे आणि त्याच्या पाठीमागे आपण टेबल चालवायचं, हे मला बेइमानीचं वाटत होतं.

अन्नपूर्णेच्या देवळाकडचा एक दुकानदार शाळांचे शर्ट छापून घ्यायचा. त्यालाही मी परत पाठवलं होतं. तो आपले कोरे शर्ट न्यायला आला आणि पिशवीतून एक छापलेला शर्ट काढून माझ्यापुढे धरला. "देखो भाईसाब, दूसरी जगह से करवाना पड़ा. काम तो बढ़िया है."

काम बढ़ियाच होतं. रंग काठोकाठ सारखा, कुठे फिका नाही, कुठे लोळलेला नाही. मी छपाईवरून बोट फिरवलं आणि शेवटच्या काठाशी बोट अडलं. उचलण्याआधी रबर क्षणभर टेकवून ठेवायची माझ्या जोडीदाराची खोड होती. त्यामुळे काठावर रंगाची बारीक कड उभी राहते. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. त्या खोडीवरून मी त्याला मिलमध्ये असल्यापासून टोकत आलो होतो.

मी सायकल काढली आणि परदेशीपुऱ्यात त्याच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. तो टेबलाशी उभा होता, एकटा. दांड्यावर दोन हात.

"महूला गेला होतास ना?" मी म्हणालो.

तो दचकला, पण थांबला नाही. हातातला शर्ट पुरा करून मगच वळला. "तुला सांगणारच होतो यार. पण तू ऐकला नसतास. तुला ते मिलचंच धरून बसायचं होतं."

मी त्याच्या हातातल्या स्क्विजीकडे बघत होतो. ती आमचीच होती, दांड्यावरचा जळका डाग ओळखीचा होता. पण ती आखूड होती. त्याने ती करवतीने मधोमध कापली होती.

माझी नजर कुठे आहे हे त्याच्या लक्षात आलं. फळीवरून त्याने दुसरा तुकडा काढला आणि माझ्यासमोर धरला. "हा तुझा. तुझा हिस्सा अलग ठेवलाय, भिया. मी बेईमान नाही."

कापलेलं टोक त्याने घासून गुळगुळीत केलं होतं. माझ्या तोंडून शिवी यायला हवी होती. मी हात पुढे केला आणि तो तुकडा घेतला. इतकी वर्षं ज्याच्या हातात मी डोळे मिटून दांडा दिला, तो मला टेबल बंद ठेवायला लावून माझ्याच गिऱ्हाइकांचे शर्ट आपल्या घरी छापत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावरची चादर काढली. समोरची जागा रिकामी होती. एक शर्ट लावला, रंग घातला, तो अर्धा तुकडा दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात या काठापासून त्या काठापर्यंत नेला. फ्रेम उचलली. रंग सगळीकडे सारखा उतरला होता. मधोमध एक रेघ जरी उमटली असती, तरी मला बरं वाटलं असतं.