काकांना समोरची खिडकी हवी होती

हबीबचाचांचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी मेथी निवडत बसले होते. "हॅलो, चाचा, बोला," असं कितीदा तरी म्हटलं, पण पलीकडून शब्द नाही. फोन चालू होता, श्वास ऐकू येत होता... शेवटी त्यांच्या सुनेनं, रुखसानानं, फोन घेतला. "ताई, अब्बा कधीचे बोलून राहिले, पन आवाजच काढून नाही राहिले. नुसते ओठ हलवून राहिले," ती म्हणाली, आणि मग रडत रडत तिनं सांगितलं. समोरच्या इमारतीत मारोतीकाका सकाळपासून खिडकीत बसलेले होते आणि हात केला तरी उत्तर देत नव्हते. शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा काका केव्हाच गेले होते. नांदेडच्या कापड मिलमध्ये उमेदीची सगळी वर्षं साच्यावर घालवलेले माझे काका. त्यांच्या जिवलग मित्रानं ती बातमी मला त्या दोघांच्या भाषेत द्यायला घेतली होती, तीही फोनवर, जिथे ती भाषा चालतच नाही. दुसऱ्या कुणाला हा म्हातारपणाचा घोटाळा वाटला असता. मला मात्र त्या मुक्या फोननंच आधी रडवलं, बातमी नंतर कळली.

ही भाषा काय ते सांगायला हवं. साचाखात्यात कापड विणणारे साचे एकदम धडधडायला लागले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथली माणसं ओरडतच नसत. ओठ मोठे हलवायचे, भुवई उचलली की प्रश्न, छातीवर हात ठेवला की 'मी'. लांबच्या साच्यावरच्या माणसाचं लक्ष वेधायचं असेल तर सुताची गोळी करून त्याला नेम धरून मारायची. मराठी, दखनी, मधूनच तेलुगू, सगळी भेळ त्या हलत्या ओठांवर चालायची. साचाखात्यातला माणूस पाळी संपवून घरी आला तरी ही सवय भोंग्याबरोबर थांबत नसे. आमच्या घरी तर दोघंही मिलमधले होते, काका साच्यावर आणि चंद्रकलाकाकू सूतगुंड्या करण्याच्या खात्यात.

बहात्तरच्या दुष्काळात निलंग्याजवळच्या आमच्या गावची विहीर आटली आणि आई-वडील खडी फोडायला लागले, तेव्हा काका येऊन मला एसटीत घालून नांदेडला घेऊन गेले. "हितं पानी हाय, शाळा हाय, चल," एवढंच म्हणाले. मिलच्या चाळीतली ती एक खोली मला महाल वाटली. फक्त एका गोष्टीनं माझा जीव थाऱ्यावर नसे. काका आणि काकू एकमेकांशी बोलतच नसत! शेजाऱ्यांशी बोलत, माझ्याशी बोलत, पण एकमेकांसमोर आले की शांतता. माझी खात्री झाली की यांचं मोठं भांडण झालंय आणि ते माझ्यामुळेच. मग मी मध्यस्थी सुरू केली. "काकू, काकांना चहा हवाय वाटतं." "काका, काकू म्हणते भाजी आणा." दोघं गंभीर चेहऱ्यानं माझा निरोप घेत, उत्तरही माझ्याहातीच पाठवत. हा पोरखेळ त्यांनी बरेच दिवस चालू दिला, आणि अख्खी चाळ तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी पलीकडच्या ओळीतल्या हबीबचाचांना माझी दया आली. "अगं बेटी, दिवसभर बोलून राहिलेत ते. तू कान लावून बसलीस, डोळे लाव ना," ते म्हणाले.

मी डोळे लावले. पावसाळा येईपर्यंत मला ते सगळं वाचता यायला लागलं, आणि चुलीपाशी बसलेली काकू किती गोड बोलते ते मला तेव्हा कळलं. बाहेर कडक, करारी असलेली ही बाई मुक्यानं मात्र काकांची अशी थट्टा करी की काका लाजून टोपी सारखी करत. त्यांचा मुलगा बालाजी पुढे जन्मला, पण काकूनं त्याला हे शिकू दिलं नाही. "त्याला हापिसात जायचंय, तितं तोंड उघडून बोलावं लागतंय," ती म्हणे.

माझं लग्न लातूरला झालं तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि माझे यजमान नव्या कचेरीत लागले होते. काका मला अखेरपर्यंत 'नव्या जिल्ह्याची' म्हणून चिडवत. त्या लग्नात काका मांडवाच्या एका टोकाला आणि काकू दुसऱ्या टोकाला, आणि दोघांचं नेहमीसारखं मुक्यानं सुरू होतं. मी डोक्यावरच्या पदराआडून चोरून वाचत होते. काका म्हणाले, "जावई बरा हाय, पन त्याचा मामा लई खादाड दिसतो. तिसऱ्यांदा जिलबी घेऊन राहिला." काकू म्हणाली, "पोट बघा की, वाड्याचं दार जनू!" एवढ्यात पंगतीतल्या त्या मामांनी पान बाजूला सरकवलं, दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि ओठ छान मोठे हलवत म्हणाले, "जिलबी लई चांगली जमली हो. तुमी बी घ्या." मामा तरुणपणी सोलापूरला साच्यावर होते! काकू पदरात तोंड लपवून आत पळाली. काका मात्र जागचे उठले, थेट मामांच्या पंगतीत जाऊन बसले आणि वऱ्हाड निघेपर्यंत दोघं एकही शब्द मोठ्यानं न बोलता गप्पा मारत होते. सासरची माणसं मला नंतर विचारत होती, दोघांचं काही बिनसलं होतं का म्हणून.

मिल एका दिवसात बंद पडली नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग उद्या चालू होणार, परवा चालू होणार अशी वर्षं गेली. काकू त्यातच गेली. मिल बंद पडणं काकांनी सोसलं, पण काकू गेल्यावर ते खरे मुके झाले. त्यांच्या मनातलं सगळं ज्या भाषेत येई ती भाषा, साचाखात्यातले बाकीचे पांगल्यावर, आता चाळीत एकाच माणसाला येत होती. हबीबचाचा समोरच्या ओळीत राहत, मध्ये अंगण. रोज संध्याकाळी काका आपल्या ओट्यावर आणि चाचा त्यांच्या ओट्यावर बसत. मी नांदेडला गेले की म्हणे, "काका, उठून जवळ जाऊन बसा की." काका म्हणायचे, "जवळ बसून काय बोलायचं? जवळ बसलं की मोठ्यानं बोलावं लागतंय, मग खरं निघत न्हाई तोंडातून."

मग मिलच्या जागेचा विकास ठरला. बांधकाम कंपनीची माणसं आली, मांडव घातला, टेबलावर खेळण्यासारखी सुबक प्रतिकृती ठेवली. उंच इमारती, दुकानं, बाग. धुराडं शोभेला ठेवणार आणि साचाखातं पाडणार होते. चाळीतल्या लोकांना नव्या इमारतींत घरं मिळणार होती. लोकांनी लिफ्टचं विचारलं, पाण्याचं विचारलं. काका उठले आणि म्हणाले, "साहेब, मला आन् हबीबला समोरासमोर द्या. बाकी काय बी चालतंय." तरुण इंजिनिअर समजुतीनं म्हणाला, "काका, शेजारी शेजारी मिळालं तर अजून चांगलं ना?" काका म्हणाले, "न्हाई. शेजारी मधी भिंत असती. मला त्याचं तोंड दिसलं पायजे." मांडवात हशा पिकला. काका हसले नाहीत, तसेच उभे राहिले. सोडत निघेल तेव्हा बघू, असं सांगून इंजिनिअरनं त्यांना बसवलं.

चाळ पडली. हबीबचाचा मुलगा-सुनेबरोबर हिमायतनगरला गेले, काका लातूरला बालाजीकडे आले. तेच नेमके रेल्वेनं पाणी येण्याचे दिवस. घराघरांत घागरी मांडलेल्या, टँकरभोवती आरडाओरडा. काका म्हणत, "दुष्काळानं तुला माज्याकडं आनलं, आन् मला दुष्काळाकडं आनलं." दिवसभर ते टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघत आणि पुढारी काय बोलले ते आम्हाला सांगत, वर म्हणत, "हा मानूस लई चुकतोय, ओठ बी नीट हलत न्हाईत त्याचे." पण कोण त्यांच्याशी बोलणार? मी शाळेत शिकवायला होते, शाळा सुटल्यावर जाऊन बसे. माझे ओठ आता जड झाले होते, काका थकून म्हणत, "सावकाश, शालू... तू लई मराठी शाळेवानी बोलून राहिलीस." एकदा मी त्यांना मोबाइलवर चित्राचा फोन लावून दिला. चाचांचा चेहरा दिसला आणि दोघं आधी जोरजोरात ओरडले, मग एकदम गप्प झाले. बालाजीची बायको धावत आली, "आवाज गेला वाटतं," म्हणून फोन घ्यायला लागली. मी तिचा हात धरला. मात्र मधूनच चित्र अडकायचं, चाचांचे ओठ अर्ध्या शब्दावर थिजायचे, आणि काका काचेवर बोट आपटत म्हणायचे, "पुढं बोल, पुढं बोल की रे..." ते मला बघवत नसे.

सोडत निघाली आणि काकांना कोपऱ्यावरचं, बागेकडे तोंड असलेलं घर लागलं. सगळ्यांनी नशीबवान म्हटलं. काकांनी ते घर चाचांच्या स्वयंपाकघरासमोरच्या, रस्त्यावरच्या अंधाऱ्या घराशी बदलून घेतलं. बालाजी चिडला. "बाबा, लोक कोपऱ्याच्या घरासाठी जीव टाकतात!" काका म्हणाले, "कोपऱ्यातून मला कोन दिसनार? झाडं? झाडं काय बोलत्यात का?"

दिवाळीत मी त्या घरी गेले ती आमची शेवटची भेट. संध्याकाळ झाली तशी काकांनी तोंड धुतलं, केस विंचरले, टोपी घातली, पाळीवर निघाल्यासारखे तयार झाले आणि खिडकीत जाऊन बसले. समोर चाचा आधीच हजर होते. दोन इमारतींमधून नवा रस्ता गेला होता, ट्रक, रिक्षा, हॉर्न, कान किटून जावेत असा गोंगाट. मी म्हटलं, "काका, खिडकी लावू का? फार आवाज येतोय." ते माझ्याकडे वळले. चेहरा असा खुललेला मी काकू गेल्यापासून पाहिला नव्हता. "असू दे की, पोरी. या आवाजात बोलायला लई दिवसांनी बरं वाटतंय." त्या क्षणी मला काकूची इतकी आठवण आली की मी उठून आत गेले.

आता घर रिकामं करायला बालाजी आणि मी मागच्या आठवड्यात गेलो होतो. त्याला ते भाड्यानं द्यायचंय, त्याचं काही चुकत नाही. मी खिडकी उघडली. हबीबचाचा समोर होते, तयार होऊन बसलेले. रोज बसतात, असं रुखसाना म्हणाली. मला पाहून त्यांनी भुवई उचलली, आणि मला काही सुचायच्या आत ओठ हलायला लागले. पाणी सकाळी उशिरा आलं. खालच्या चहावाल्यानं दुकान वाढवलं. धुराड्यावर रंग देऊन राहिलेत, लाल, मारोतीला आवडला नसता... एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं ते मला सांगत होते आणि मी मान डोलवत होते. ओठ जड होते, तरी जमेल तसं उत्तर देत होते. मागून बालाजी म्हणाला, "ताई, सातची लातूर गाडी चुकेल. कुणाशी बोलतेस?" मी त्याला बोटानं दाखवलं. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि चाचांच्या ओठांकडे पाहायला लागला. त्याच्या आई-बापाची भाषा, आणि त्याला त्यातला एक शब्द कळत नव्हता.

"चाचा काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

चाचा त्याच्याकडेच पाहून बोलत होते. "इचारून राहिलेत," मी म्हटलं, आणि माझा आवाज काकांसारखा निघाला, "उद्या कोन येनार?"