तारखेनंतर आलेली नोटीस

नवऱ्याशी पटेना म्हणून सहा वर्षांच्या लेकीला घेऊन मी लातूरहून बिलोलीजवळच्या माहेरी आले होते. वर्षभराने एका सकाळी कोर्टाचा बेलीफ अंगणात आला. लेकीचा ताबा मागणाऱ्या नवऱ्याच्या अर्जाची नोटीस त्याने माझ्या हातावर ठेवली.

मी कोर्टात हजर राहायची तारीख वाचली. "ही तर परवाच होऊन गेली."

तो ओशाळला. "लातूर जिल्हा नवा हाय, बाई, कचेरीची घडी अजून बसली न्हाई. कागद चुकून भोकरकडं गेला, तिथून फिरून आला."

माझी वहिनी पदर खोचून पुढे झाली. तिला सही तेवढी करता यायची. ती म्हणाली, "कागद आज मिळाला असं लिव्हा, दादा. मग ही सही करंल."

त्याने दोन्ही प्रतींवर तसं लिहिलं.

लातूरला वकील गाठून चौकशी केली तर कळलं, मी हजर नव्हते म्हणून सोमवारी एकतर्फी निकाल लागणार होता. सोमवारी आम्ही दोघी लेकीला घेऊन कोर्टात उभ्या राहिलो. नवऱ्याचे वकील म्हणाले, "नोटीस महिन्यापूर्वीच काढली होती, साहेब." आमच्या वकिलांनी माझी प्रत पुढे केली. न्यायाधीशांनी बेलीफाची तारीख दोनदा वाचली आणि म्हणाले, "या बाईंचं ऐकल्याशिवाय निकाल नाही."

मग त्यांनी लेकीला जवळ बोलावलं. "तू कुणाजवळ राहतेस, बाळ?"

"आईजवळ," ती म्हणाली. "पण टँकर आला की मामीजवळ. मामी लई भांडते, आमचा हंडा पहिला भरतो."

त्या साली सगळ्यांच्याच दारात रिकामे हंडे होते. कोर्ट खळखळून हसलं. वहिनीने तोंडाला पदर लावला. नवराही हसला, आणि कितीतरी दिवसांनी मला त्याचा राग आला नाही.

बाहेर लिंबाखाली तो लेकीला कडेवर घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "राहू दे तुझ्याजवळ. सुट्टीत धाडत जा."

"धाडीन," मी म्हणाले.

पुढच्या तारखेला तेच कागदावर आलं. त्या सोमवारी परतताना एसटीत लेक माझ्या मांडीवर बसून नांदेड येईपर्यंत गाणी म्हणत होती. वहिनी टाळ्या वाजवत होती, आणि कंडक्टरने एकदाही गप्प बसा म्हटलं नाही.