स्टार्व्हिंग म्हणणाऱ्याला आधी ताट

माझी मावशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये वाढपाच्या खिडकीवर असते. ‘तिथे कामाला असते’ असं मी एकदा म्हणालो, तर तिथले हृदयाचे डॉक्टर म्हणाले, “कामाला आम्ही आहोत. त्या राज्य करतात.” डॉक्टर, नर्स, लिफ्टवाले, झाडूवाले, सगळे तिला मावशीच म्हणतात. त्यामुळे मी सख्खा भाचा असूनही मला रांगेत उभं राहावं लागतं. तक्रार केली की म्हणते, “इथे सगळेच भाचे. तुला काय वेगळी शिंगं फुटलीत?”

रांग मोडायची मुभा एकालाच. जो खिडकीशी येऊन ‘स्टार्व्हिंग’ म्हणेल त्याला. त्याला आधी ताट, खिडकी बंद झालेली असली तरी ताट. मात्र शब्द तोंडातून गेला की ताट संपवायचं, तेही तिच्या डोळ्यांसमोर. एक डॉक्टरीणबाई फक्त कॉफीसाठी घाईत आल्या आणि सवयीने तो शब्द बोलून बसल्या. डाळभाताचा डोंगर आणि वर उकडलेले बटाटे पोटात ढकलून त्या गेल्या, त्या दिवसापासून ‘किंचित भूक आहे’ असं शुद्ध मराठीत बोलू लागल्या.

मावशीचं इंग्रजी हॉस्पिटलातच कमावलेलं आहे. ऑपरेशनच्या आधी पेशंटला काही खायला देत नाहीत, त्याला डॉक्टर स्टार्व्हेशन म्हणतात, हे तिला ठाऊक आहे. शिकाऊ डॉक्टरांचा नाश्ता जिरला की ते स्टार्व्हिंग होतात. अँब्युलन्स सुरू होईना तेव्हा मेकॅनिक म्हणाला, इंजिनाला डिझेलचं स्टार्व्हेशन. जिन्यातल्या कुंडीतलं झाडसुद्धा म्हणे उन्हासाठी स्टार्व्ह झालं होतं. मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, “अर्ध्या जगावर राज्य केलं, तरी या भाषेचं पोट काही भरलं नाही बाई!”

हे ती हसत म्हणते. पण तो शब्द तिने पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. ती खाणकामगारांच्या वस्तीत वाढली. खाण बंद पडली, दुकानं बंद झाली, मग चुली. तिचा धाकटा भाऊ गेला. चौकशीला दोन साहेब आले आणि दारातच उभं राहून इंग्रजीत वाद घालू लागले. धाकटा साहेब एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि मोठा मान हलवत होता. शेवटी मोठ्याचं खरं झालं आणि पोर तापाने गेलं असं ठरलं. तो शब्द कोणता, हे माझ्या आजीने त्यांच्या ड्रायव्हरला विचारलं. त्याने खाली बघत सांगितलं.

“माझ्या भावाला जो शब्द दिला नाही, तो या पोरांना फुकट मिळतो,” मावशी मला एकदा म्हणाली होती. “मिळू दे. पण माझ्या खिडकीवर तो वाया जाणार नाही.”

आणि मग नवे मॅनेजर आले. सज्जन माणूस, इतका की रागावतानाही आधी ‘माफ करा’ म्हणायचा. त्यांनी ठरवलं की जेवणाची वेळ संपली की खिडकीचं शटर खाली, अपवाद नाही.

“माफ करा मावशी, पण वेळेनंतर येणारे सगळे चोचले करणारे असतात.”

“सगळे?”

“एक खरा उपाशी दाखवा. शटर उघडं ठेवतो.”

“उद्या दुपारी इथे उभे राहा,” मावशी म्हणाली. तिचं सगळं राज्य त्या शटरपायी पणाला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. म्हटलं, मावशी हरली तर घरी न्यायला कुणीतरी हवं. वेळ संपली आणि तिचे लाडके भाचे हजर. “मावशी, स्टार्व्हिंग!” एकाच्या ओठाला अजून केकचं क्रीम होतं. मॅनेजर माझ्याकडे बघून हसले. दुसरा आला, तो ढेकर देत. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं. मावशी मात्र शांतपणे ताटं भरत होती.

खिडकीसमोरच्या बाकावर एक म्हातारा सकाळपासून बसून होता. त्याच्या बायकोचं ऑपरेशन पुढे ढकललं जात होतं, म्हणून ती कालपासून उपाशी होती. मावशीने विचारलं, “काका, जेवता का?”

“नको नको. भूक नाही मला.”

“बघा,” मॅनेजर हळूच म्हणाले, “ज्यांना विचारलं त्यांनाच नकोय.”

“साहेब, याच उत्तराची वाट बघत होते मी,” मावशी म्हणाली. “आमच्या वस्तीत शेवटी शेवटी सगळे हेच म्हणायचे.”

ती ताट घेऊन दाराने बाहेर आली. एवढ्या वर्षांत मी तिला खिडकीच्या या बाजूला पहिल्यांदा पाहिलं. ती म्हाताऱ्याशेजारी बसली.

“बायको उपाशी आहे म्हणून तुम्ही पण?”

म्हातारा ओशाळला. “ती तिकडे तशी, मी इकडे खाऊ कसा?”

“आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारेल ती?”

त्याने जरा विचार केला. “जेवलात का, म्हणेल.”

“मग? खोटं बोलणार तिच्याशी? तेही अशा वेळी?”

म्हाताऱ्याने ताट मांडीवर घेतलं. पहिला घास त्याने संकोचत, चार शितांचा घेतला. दुसऱ्या घासानंतर मात्र तो थांबला नाही. केकवाला शिकाऊ डॉक्टर आपलं अर्धं ताट तसंच ठेवून उठला, गुपचूप पाण्याचा ग्लास आणून त्याच्याजवळ ठेवला आणि परत जागेवर आला. मावशीने डोळे वटारले. “तू तुझं संपव आधी!”

मॅनेजर बाकाजवळ आले. मग म्हणाले, “माफ करा, पण मला कसं ओळखू येणार? हा म्हणतो नाही, आणि तो मुलगा म्हणतो स्टार्व्हिंग.”

“मला तरी कुठे येतं?” मावशी म्हणाली. “ओळखू येत नाही म्हणूनच सगळ्यांना वाढायचं. तो मोठा साहेब ओळखत बसला होता.”

शटरवर बंद होण्याची वेळ अजून रंगवलेली आहे. पण वेळ झाली की मॅनेजर स्वतः येऊन शटर ओढतात आणि ताट बाहेर जाईल एवढी फट ठेवतात. त्या फटीतून मावशीच्या बांगड्या वाजताना ऐकल्या की माझी छाती उगाचच फुगते. म्हाताऱ्याची बायको बरी होऊन घरी जाताना त्या फटीशी वाकली होती आणि तिने आत विचारलं, “तुम्ही जेवलात का?”

मावशी जेवली नव्हती. आणि त्या बाईने, मावशीच्याच कायद्याने, तिला समोर बसवून ताट संपवायला लावलं.