उजवा येईपर्यंत डावा

माझ्या हाताला नेमकं काय झालं आहे, हे मला ऑपरेशननंतर अकराव्या महिन्यात कळलं. ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, नवऱ्याने नाही, बापाने तर नाहीच. बावीस-तेवीस वर्षांच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलं.

तुमसरला मी ज्यांच्याकडे व्यायामाला जायची ते सुट्टीवर होते आणि त्यांच्या जागी ही आली होती. नवी असल्यामुळे तिने पहिल्याच दिवशी ऑपरेशनची फाईल मागितली. तोपर्यंत ती कोणी मागितलीच नव्हती. फाईल नवऱ्याच्या कपाटात गाडीच्या कागदांखाली होती. आत सगळं इंग्रजी, म्हणून मी ती न उघडताच पिशवीत घातली होती.

तिने दोन पानं उलटली. “ताई, इथे तर नस कापल्याचं लिहिलंय. मग जोडली कुठे?”

“कापली नाही. दबली होती, ती मोकळी केली,” मी म्हणाले. अकरा महिने घोकलेलं वाक्य होतं ते.

तिने कागद माझ्याकडे फिरवला आणि ओळीवर बोट ठेवलं. “ही रेडियल नर्व्ह. गाठीसोबत दोन इंच काढून टाकली आहे. सहा महिन्यांच्या आत जोडणीचं ऑपरेशन करून घ्या, असा सल्ला आहे. आणि खाली नातेवाइकांनी नकार लिहून दिलाय.”

खाली दोन सह्या होत्या. एक नवऱ्याची. दुसरी माझ्या बाबांची. बाबा आधी लांब रेघ ओढतात आणि मग तिला एकेक अक्षर टांगतात. ती सही मी झोपेतही ओळखली असती.

मी अंगणवाडी सेविका आहे. वय एक्केचाळीस. ज्यांच्या घरात कोणी आजारी आहे आणि ज्यांना वाटतं की त्याला न सांगणं म्हणजे माया, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. शांतपणे लिहिता येईल असं वाटत नाही.

सुरुवात अगदी साधी होती. उजव्या दंडाच्या मागे वाटाण्याएवढी गाठ आली. तिला धक्का लागला की झिणझिण्या थेट अंगठ्यापर्यंत जायच्या. शेजारणीने निदान केलं, नस चढली. आमच्याकडे दुखणं कोणतंही असो, नस एक तर चढते नाही तर दबते. महिनाभर तेल चोळलं. मग रजिस्टर लिहिताना पेन गळून पडायला लागला, तेव्हा भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं.

तिथे दोन तपासण्या झाल्या. पहिली एनसीव्ही. यात हाताला विजेचे बारीक झटके देऊन नसेतून निरोप किती वेगाने जातो ते पाहतात. दुसरी एमआरआय. त्या बोगद्यासारख्या यंत्रात पडून मी मुलांना शिकवलेली सगळी बडबडगीतं म्हणून टाकली. डॉक्टर म्हणाले, “नसेवरच गाठ आहे. कॅन्सर वाटत नाही, पण काढावी लागेल.” मी पुढ्यात आलेल्या कागदावर सही केली. काही विचारलं नाही, ही माझी चूक.

शुद्धीवर आले तेव्हा मनगट खाली लोंबत होतं. याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. मूठ वळते, पण मनगट वर उचलत नाही आणि बोटं उघडत नाहीत. मी घाबरून रडायला लागले. उशाशी नवरा होता, पायाशी बाबा. बाबा म्हणाले, “नस दबली होती बाई, डॉक्टरनं मोकळी केली. आता हात यायले सालभर लागते.” नवऱ्याने मान हलवली.

मी विश्वास ठेवला. मनगट वर धरणारा पट्टा बांधला. आठवड्यातून तीनदा जाऊन यंत्राचे झटके घेतले. रोज सकाळी हाताकडे बघून म्हणायची, ऊठ. तुमसरचे फिजिओ भले माणूस, पण त्यांनाही तोंडी एवढंच सांगितलं होतं की नस मोकळी केली आहे. मेलेल्या नसेला मी जवळपास वर्षभर हाका मारत होते आणि घरातली दोन माणसं बाजूला उभी राहून माझं कौतुक करत होती.

आता बाबांच्या मासे धरायच्या गळाबद्दल सांगते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

माझं माहेर आंबागड किल्ल्याच्या पायथ्याशी. बाबांनी जन्मभर जंगलखात्यात रोजंदारी केली आणि सुट्टीच्या दिवशी गावच्या बोडीत, म्हणजे आमच्या लहान तलावात, मासे धरले. मुलगा नव्हता म्हणून मला सोबत नेत. गावातल्या बाया म्हणत, पोरीनं कायले गळ टाकावा? बाबा म्हणत, मासा पोरगी का पोट्टा पाहात नाई. पुढे मी पगारातून रीळ असलेली काठी आणली. बाबांनी आधी तिला नावं ठेवली आणि मग ती सोडायलाच तयार होईनात.

ऑपरेशनच्या तिसऱ्या महिन्यात बाबा आपण होऊन तुमसरला आले. “बसून बसून वेडी होशीन. चाल बोडीवर. उजवा येवाले टाइम हाय, तोवर डाव्यानं टाक.”

“डाव्यानं कशी टाकू? मी काय डेबरी आहे?” मी म्हणाले. डावखुऱ्या बाईला आमच्याकडे डेबरी म्हणतात.

“दोन्ही हात चालले पायजे. पाळीवर झाड कोन्या बाजूले हाय, ते आपल्या हाती नाई.”

खरंच होतं ते. पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, उजवीकडे बाभूळ असली तर उजव्या हाताने काठी फिरवता येत नाही. म्हणून मी दर रविवारी माहेरी जाऊ लागले.

रिळाच्या काठीत जोरापेक्षा नेमकी वेळ साधावी लागते. रिळावरची तार उघडायची, दोरा तर्जनीवर धरायचा, काठी खांद्यामागे न्यायची आणि पुढे आणताना नेमक्या क्षणी बोट सोडायचं. लवकर सोडलं तर दोऱ्याला वजन म्हणून बांधलेलं शिसं आभाळात जातं, उशिरा सोडलं तर पायाशी आपटतं. माझ्या उजव्या बोटाला तो क्षण माहीत होता. डावं बोट ठार अडाणी. पहिल्या रविवारी गळ तीनदा बाभळीत आणि एकदा बाबांच्या टोपीत अडकला. बाबा म्हणाले, “मलेच धरतं का वं? मी काय मरळ हाव?” मी कितीतरी दिवसांनी हसले.

बाबा माझ्या मागे उभे राहून डाव्या कोपराला फक्त दोन बोटं लावत. “काठीकडे पाहू नोको. पान्याकडे पाय.” पट्ट्यातल्या उजव्या हाताने मी काठीचा बुडखा टेकवून धरायची आणि गळ पाण्यात पडला की त्याच मुठीने हळूहळू रीळ फिरवायची. दोन महिन्यांत शिसं पंधरा हात जायला लागलं. ऑपरेशननंतरच्या पाचव्या महिन्यात पहिला रोहू लागला. मी ओरडले, “बाबा, आता उजवा आला की दोन्ही हातांनी टाकेन!”

बाबा म्हणाले, “हाव. टाकशीन ना.”

हे लिहिताना आजही कान तापतात. तेव्हा जोडणीची मुदत अजून संपली नव्हती. माझ्या कोपराला बोटं लावून उभ्या असलेल्या माणसाला ते माहीत होतं.

फिजिओथेरपीतून मी घरी गेलेच नाही. फाईल घेऊन सरळ ऑटोने आंबागड गाठलं. बाबा बोडीच्या पाळीवर कणकेच्या गोळ्या वळत होते. मी सहीचं पान त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी ते वाचलं नाही. इंग्रजी येत नाही, पण आपली सही दिसली. 

“तू पट्टी बांधून रडून राहिली होती,” ते म्हणाले. “डॉक्टर मने, पोटरीची नस काढतो अन् हाताले लावतो. लागलंच याची ग्यारंटी नाई मने. मी मनलो, हात तं गेलाच, आता पाय बी लंगडा करता का? धानाच्या बांधीत उभी कशी राहशीन तू?”

म्हणजे घोळ असा होता. आमच्याकडे नस म्हटलं की सगळं एकच. रक्ताची शीर तीही नस, स्नायूची दोरी तीही नस. पायातली नस काढली म्हणजे पाय गेला, असं बाबांनी धरलं आणि जावयाने ऐकलं. ती पोटरीची नस काढली तर पावलाच्या कडेला थोडी बधिरता येते, एवढंच. चालण्यात फरक पडत नाही. डॉक्टरांना एक प्रश्न विचारला असता तरी हे कळलं असतं. मला विचारलं असतं तर मी तो विचारला असता.

“मग मले काहून नाई सांगतलं?” रागात माझीही माहेरची बोली वर आली.

“सांगून का भेटलं असतं? तू अजून रडली असती.”

“हात माझा होता, बाबा.”

तेव्हा ते बोलले, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. “तुह्या मायले कॅन्सर होता तवा डॉक्टरले कोन मनलं, तिले सांगू नोका मनून? तूच मनली ना?”

मीच म्हणाले होते. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी राहून, मोठ्या समजूतदारपणे. आईने शेवटच्या महिन्यात मला दोनदा विचारलं होतं, मी बरी होऊन राहिली ना? मी हो म्हणाले होते. तिला कोणाला भेटायचं होतं, काय सांगायचं होतं, ते तिच्यासोबत गेलं.

पण म्हणून बाबांचं बरोबर ठरत नाही. आईजवळ वाट उरली नव्हती, माझ्याजवळ होती. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं, फाईल उचलली आणि निघाले. पुढचे चार महिने माहेरी गेले नाही.

घरी नवऱ्याने सगळं लगेच कबूल केलं. “बाबा म्हनले, मी ऐकलं. मले वाटे तुले त्रास नोको,” तो म्हणाला. गाठ काढताना डॉक्टरांनी विचारल्यावर नस कापायला त्याने हो म्हटलं, त्याबद्दल मी एक शब्दही बोलले नाही. मी बेशुद्ध होते, कोणीतरी हो म्हणायलाच हवं होतं. पण नंतर तर मी शुद्धीत होते. रोज त्याच्यासमोर ताट घेऊन बसत होते. “डॉक्टरांनी विचारलं असेल ना, पेशंटशी बोललात का?” मी म्हणाले. तो म्हणाला, “हाव मनून सांगतलं.” दुसऱ्यांनी फसवलं तर माणूस सावध तरी होतं. घरच्यांनी मायेने फसवलं की कोणापासून सावध राहायचं तेच कळत नाही.

नागपूरला मी एकटी गेले. त्याच डॉक्टरांनी फाईल पाहून चष्मा काढला. म्हणाले, “मी तुमच्याशी स्वतः बोलायला हवं होतं.” एवढं म्हणणारे डॉक्टर मी कमी पाहिले आहेत, पण त्याने दोन इंच नस परत येत नाही. जोडणीची वेळ गेली होती. एक वाट शिल्लक होती, टेंडन ट्रान्सफर. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. हाताच्या पुढच्या बाजूच्या चांगल्या दोऱ्या सोडवून मागच्या बाजूला बांधतात. मनगट उठेल, बोटं उघडतील, पण पहिल्यासारखी नाही. मी वहीत अकरा प्रश्न लिहून नेले होते. सगळे विचारले. दोनांवर ते म्हणाले, “सांगता येणार नाही.” त्या उत्तरानेही बरं वाटलं. मग फॉर्म मराठीतून वाचून घेतला आणि डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली.

ऑपरेशन झालं. महिनाभर प्लास्टर, नंतर पट्टा आणि व्यायाम. याबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून लिहिते. नव्या हाताला जुना हुकूम कळत नाही. बोटं उघडायची असतील तर मनात मनगट वाकवायचं आणायचं. मनगट उचलायचं असेल तर तळहात पालथा करायचं मनात आणायचं. पहिले पंधरा दिवस मी एक सांगायची आणि हात दुसरंच करायचा. तीच मुलगी, आता तिथेच कायम झालेली, समोर बसून शंभरदा म्हणायची, “ताई, परत.” तिचे उपकार मी फेडू शकत नाही. तिने फक्त कागद वाचून दाखवला होता, आणि माझ्या घरात तेवढंच कोणी केलं नव्हतं.

तुम्ही पेशंट असाल तर आपली फाईल आपल्या उशाशी ठेवा. इंग्रजी येत नसेल तर कोणाकडून वाचून घ्या, आणि घरच्यांकडून नको. डॉक्टर नातेवाइकाला बाहेर बोलवत असतील तर म्हणा, मीही येते. तुम्ही नातेवाईक असाल तर मला अजून राग आहे, तुम्हाला काय सांगू?

या दुसऱ्या ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात एका रविवारी मी बोडीवर गेले. बाबांना बोलावलं नव्हतं, पण मला पाळीवर पाहून ते आले आणि दोन हात दूर उभे राहिले. कोपराला बोटं लावायला पुढे झाले नाहीत. मी काठी उजव्या हातात घेतली. दोरा तर्जनीवर धरला, काठी मागे नेली आणि बोट सोडायच्या क्षणी मनात मनगट वाकवलं. बोट उघडलं. शिसं काठाजवळ चुबुक्‌ करून पडलं.

“वा बाई! लगित दूर गेलं!” बाबा ओरडले.

मी वळून बघितलं. “चार हात गेलं, बाबा. चारच म्हणा.”

ते काठापर्यंत गेले, खाली वाकून पाण्यातली वर्तुळं विरेपर्यंत पाहत राहिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “चार बी नाई, बाई. तीन.”

मी रीळ फिरवून शिसं परत ओढलं आणि त्यांना उभं राहायला बाजूला जागा दिली.