आटवलेलं पाणी

पाणी उकळून, निम्मं होईपर्यंत आटवून बाळंतिणीला आणि बाळाला द्यायचं, ही आमच्या घरची रीत. बहीण पहिल्या बाळंतपणाला चाकणजवळच्या आमच्या वस्तीवर आली, तेव्हा आईच्या चुलीवरचं पातेलं खाली उतरत नव्हतं. अंगावरचं दूध पुरेना म्हणून बाळाला पावडरचं दूध सुरू झालं, तेही त्याच पाण्यात. पाणी वस्तीच्या विहिरीचं. विहिरीच्या कठड्यावर ग्रामपंचायतीनं रंगवलंय, 'पाणी पिण्यास योग्य'.

एका सकाळी बाळाचे ओठ निळसर दिसले. नखंही. रिक्षा करून थेट पिंपरी गाठली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं देता?"

"हिरीचं. पण लई उकळलेलं. निम्मं आटवून देते," आई जरा ऐटीतच म्हणाली.

"तिथंच घात झाला, आजी."

डॉक्टरांनी समजावलं, पाण्यात नायट्रेट हा क्षार असणार. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट भांड्यात राहतं. निम्म्या पाण्यात त्याचं प्रमाण दुप्पट होतं. त्यामुळे बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येईना. औषधानं बाळ सावरलं. आई मात्र भिंतीला टेकून एवढंच म्हणत राहिली, "म्या माझ्या हातानं पाजलं गं."

माझा राग आईवर नाही. तिला कोणी सांगितलं होतं? राग त्या कठड्यावर रंगवणाऱ्यांवर आहे.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, हे मी मान वर करून सांगते. चाकणच्या एका कंपनीत पाणीच तपासते. बॉयलरचं पाणी दर शिफ्टला तपासायचं, नाहीतर बॉयलर खराब होईल! माणसाच्या पोटात जाणाऱ्या पाण्याची तेवढी काळजी नको? साहेबांना विचारून विहिरीचं पाणी तिथं तपासलं. नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर.

तडक ग्रामपंचायतीत गेले. सरपंच माझे चुलतेच.

"परवाच टीसीएल पावडर टाकलीय की हिरीत. पाणी शुद्ध हाय," काका म्हणाले.

"ती पावडर जंतूंसाठी, काका. हे कांद्याला ओतलेल्या युरियातून आणि भाड्याच्या खोल्यांच्या शोषखड्ड्यांतून उतरतंय. विहिरीच्या वरच्या अंगाला एवढ्या चाळी उठल्या, ड्रेनेज कुठंय?"

"खोल्या काय एकट्या माझ्या हायत? तुझ्या बापाच्या बी हायत."

"हायत ना! म्हणून तर आमच्याच लेकराच्या तोंडात आलं. आता निदान बोर्ड तरी लावा, बाळांना हे पाणी देऊ नका म्हणून."

"बोर्ड लावला की भाडेकरू पळत्याल. चार बुकं शिकलीस म्हणून गावाची अब्रू घालवतीस व्हय?"

"काळंनिळं लेकरू दवाखान्यात घेऊन जाताना अब्रू दिसली नाही का तुम्हाला?"

काकांनी शिपायाला चहा सांगितला. मी तो घेतला नाही. त्याच संध्याकाळी तेलरंगाचा डबा आणला आणि 'योग्य'च्या आधी ठळक 'अ' काढला. खाली लिहिलं, 'उकळूनही बाळाला देऊ नका.' भाडेकरूंच्या बायका हंडे खाली ठेवून वाचत होत्या.

बाळाला दवाखान्यातून माहेरी आणलंच नाही. बहीण परस्पर कासारवाडीला सासरी गेली, तिथं नळ आहे. निघताना तिनं विचारलं, "ह्याला परत कधी आणू गं?"

लेकीला माहेरी येऊ नकोस म्हणायची पाळी आमच्यावर आली. मी म्हणाले, "पाणी चांगलं होईपर्यंत आणू नकोस. आईच येईल तुझ्याकडं."