शामला लांजेवार यांचं मोफत विमा शिबिर

मानेवाड्यातल्या एका दोन खोल्यांच्या घराला लोखंडी जाळीचा व्हरांडा आहे आणि त्या जाळीला पाटी अडकवलेली आहे: शामला प्र. लांजेवार, विमा सल्लागार. पाटी जुनी आहे, ऊन खाऊन पिवळी पडलेली. पण ती लागल्यापासून कितीतरी वर्षं शामलानं कुणाला विम्याचा म्हणून एक शब्द सांगितलेला नव्हता.

एजन्सी खरी नवऱ्याची. प्रेमानंद लांजेवार शाळेत कारकून होता. नोकरीतल्या माणसाला स्वतःच्या नावावर दुसरा धंदा करता येत नाही, म्हणून कितीतरी जण करतात तसं त्यानंही बायकोच्या नावानं एजन्सी काढली. परीक्षा तिनं दिली, तीही त्यानं रोज संध्याकाळी पाठ करून घेतली म्हणून. पुढं सही तिची आणि जीभ त्याची असा कारभार चालला. आणि जीभ कशी! लग्नात जेवायला बसला तरी शेजारच्या पानावरच्या माणसाशी ओळख काढून, त्याच्या आईच्या गुडघ्यापासून त्याच्या पोराच्या कॉलेजपर्यंत सगळं विचारून, हात धुवायला उठेपर्यंत त्याला घरी बोलावलेलं असायचं. शाळेतली नोकरी सोडल्यावर तर तो पूर्णवेळ त्यातच पडला. शामला चहा करायची आणि दाखवलं तिथं सही करायची.

मग एका सकाळी पेट्रोल पंपावर रांगेत उभा असताना त्याच्या हातातून गाडी सुटली. लोकांना वाटलं चक्कर आली. धंतोलीतल्या दवाखान्यात नेईस्तोवर उजवी बाजू गेलेली होती, आणि वाचाही. बऱ्याच दिवसांनी तोंडातून एक शब्द आला तो ‘हो’. त्यानंतर दुसरा आलाच नाही. पाणी पाहिजे का, हो. नको का, तरी हो. डॉक्टरांनी समजावलं की मेंदूत एखादा शब्द असा अडकून राहतो, त्याचा अर्थ होकार असेलच असं नाही. आणखी एक सांगितलं: हे मधेच रडतील, कधी हसतील, ते प्रत्येक वेळी दुःखाचं किंवा आनंदाचं समजू नका, तो आजाराचाच भाग आहे.

या सगळ्यात एक गोष्ट शामलानं घराबाहेर जाऊ दिली नव्हती. अर्ध्या मानेवाड्याचा आरोग्य विमा उतरवणाऱ्या प्रेमानंदचा स्वतःचा विमा त्या वर्षी चालू नव्हता. मुलीच्या, रितिकाच्या कॉलेज प्रवेशाच्या गडबडीत हप्ता मागं पडला, पुढच्या महिन्यात भरू म्हणता म्हणता सवलतीची मुदतही उलटली, आणि मग हे झालं. बेसाला घेऊन ठेवलेला प्लॉट दवाखान्याच्या बिलात गेला. विचारणाऱ्यांना शामला सांगायची, विकून टाकला, तिकडं कोण राहायला जाणार.

आता एजन्सी तेवढी उरली होती, आणि तीही सुटत चालली होती. जुने लोक हळूहळू दुसऱ्या एजंटाकडं वळले. विमा कंपनीच्या शाखेतला अधिकारी सुशील घरी येऊन बसला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर साहेब होता. मार्चपर्यंत नवं काम, म्हणजे नव्या पॉलिसी, दिसलं नाही तर एजन्सी बंद होईल, असं त्यानं सांगितलं. दारोदार फिरणं तुम्हाला जमणार नाही, तेव्हा शिबिरं घ्या. विमा विकायचा नाही, विमा समजावून सांगायचा. ज्याला पटेल तो आपणहून विचारतो. पडदा, प्रोजेक्टर शाखा देईल. शामला जन्मात चार माणसांपुढं बोलली नव्हती. ती हो म्हणाली, कारण दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

पहिलं शिबिर हनुमान मंदिराच्या सभागृहात झालं. रितिकानं मोबाइलवर पत्रक करून कॉलनीच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं: ‘आरोग्य विमा समजून घ्या, मोफत मार्गदर्शन, नंतर तर्री-पोहे.’ ज्येष्ठ नागरिक मंडळाची माणसं आली, हातात रिकाम्या पिशव्या घेऊन, भाजीला जाता जाता. शामला पडद्यावरचं वाचत गेली. प्रतीक्षा कालावधी, आधीचा आजार, खोलीभाड्याची मर्यादा. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतोय हे तिला कळत होतं. पुढच्या रांगेतले एक जण घोरायला लागले. पोहे मात्र संपले. दुसऱ्या शिबिराला तेही उरले, आणि ते पुढचे दोन दिवस घरात खाल्ले गेले. रितिकानं रोज संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर लहान मुलांच्या शिकवण्या धरल्या होत्या. पत्रक करताना आता तिचा चेहरा कोरा असायचा.

तिसऱ्या शिबिरात रुपराव उठले. वीज मंडळातून निवृत्त झालेले, प्रेमानंदचे जुने ओळखीचे. त्यांनी अगदी सहज विचारलं, कुत्सितपणा काही नव्हता.

“वहिनी, लांजेवारांचा दवाखान्याचा सगळा खर्च विम्यातूनच झाला असंल ना? ते सांगा ना. आमाले समजंल तरी, कसं मिळते ते.”

शामलाच्या हातात माइक होता. हो म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. पण गेल्या कित्येक महिन्यांचा थकवा असा काही वर आला, की खोटं रचायला लागणारी ताकदही तिच्याकडं उरली नाही.

“त्यायचा विमा नव्हता,” ती म्हणाली. “हप्ता भरायचा राहून गेला होता. प्लॉट विकला आम्ही.”

आणि मग पडदा तसाच सोडून ती बोलत राहिली. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसून दागिने आठवत काढलेल्या रात्री, काउंटरवरच्या पोरीनं विम्याचं कार्ड मागितलं तेव्हा पर्समध्ये उगाच शोधल्यासारखं केलं ते. संपल्यावर पोह्यांकडं कुणी गेलं नाही. लोक तिच्या टेबलाशी थांबले, फॉर्म मागायला लागले. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच्याच पाठोपाठ घर आठवलं. ज्यानं आयुष्यभर लोकांना हप्ता चुकवू नका म्हणून बजावलं, त्याची चूक तिनं त्याच्या ओळखीच्या माणसांत उघडी केली होती, आणि तो घरी जाळीपाशी बसून तिची वाट पाहत होता.

सुशील मात्र हरखून गेला. गाडीत बसता बसता त्यानं विषय काढला: पुढचं शिबिर भिवापूरला, मिरचीच्या व्यापाऱ्यांच्या हॉलमध्ये आहे, मोठं आहे, लांजेवार साहेबांना सोबत आणायचं. लोकांना समोर दिसलं की पटतं. शामला म्हणाली, नको. दोन दिवसांनी त्याचा परत फोन आला आणि तिसऱ्या दिवशी शाखेचं पत्र, मार्चची आठवण देणारं. पैसे थकल्यामुळं फिजिओथेरपीवाल्यानं येणं बंद केलेलंच होतं.

तिनं प्रेमानंदला विचारलं. त्याच्या समोर वेताच्या मोढ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांत न बघता.

“भिवापूरले जाऊन येऊ का आपण? तेवढीच हवा बदलते. याल ना?”

“हो,” तो म्हणाला.

तो दुसरं काही म्हणू शकत नव्हता हे तिला माहीत होतं. तरी तिनं तो होकार घेतला.

भिवापूरच्या हॉलमध्ये मिरचीचा ठसका भिंतीत मुरलेला होता. प्रेमानंदला पांढरा शर्ट घालून, भांग पाडून पुढच्या खुर्चीत, लोकांकडं तोंड करून बसवलं. शामला बोलायला उठण्याआधी सुशीलनंच सुरुवात केली. हे बघा, म्हणाला, हे आमचे सगळ्यात हुशार एजंट. बघा यांच्याकडं. एक हप्ता चुकला. लोकांनी माना उंच करून बघितलं. मागची माणसं उभी राहिली. प्रेमानंदनं डाव्या हातानं उजवा हात मांडीवर सरळ केला, आणि त्याला रडू फुटलं. तोंड वेडंवाकडं करून, आवाज न आवरता, शर्ट भिजेपर्यंत तो रडला. शामलाला डॉक्टरांचे शब्द आठवले, की हा आजाराचा भाग आहे. ती ते स्वतःला सांगत राहिली आणि जागची हलली नाही. हॉलमध्ये बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. सुशीलनं फॉर्मचा गठ्ठा सोडला.

दुसऱ्या रांगेतून एक म्हातारी बाई उठली. इंदुताई म्हणत होते तिला सगळे. तिनं पुढं येऊन आपल्या पदरानं प्रेमानंदचा चेहरा पुसला, नाक पुसलं, खुर्ची भिंतीकडं वळवली. मग शामलाच्या जवळ आली आणि हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं.

“बाई, यायले इचारलं होतं का तुनं, आणाच्या आधी?”

“इचारलं होतं,” शामला म्हणाली. “हो म्हणाले.”

म्हातारीनं एकवार तिच्याकडं पाहिलं आणि ती फॉर्म न घेता निघून गेली.

त्या दिवशी जितकं काम झालं तितकं प्रेमानंदच्या चांगल्या दिवसांतही एका बैठकीत झालं नसेल. परतताना उमरेड येईपर्यंत सुशील बोलतच होता. पुढं पारशिवनी, मग काटोल, मग कळमेश्वर. साहेबांना असंच घेऊन फिरू, मार्चची चिंताच नको. मागच्या सीटवर प्रेमानंद खिडकीकडं तोंड करून होता. शामलानं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो काढूनही घेतला नाही आणि धरलाही नाही.

पारशिवनीच्या दिवशी सकाळी ती इस्त्री केलेला पांढरा शर्ट घेऊन त्याच्यापाशी गेली. शर्ट पाहिल्याबरोबर त्यानं डावा हात लांबवून पलंगाचा लोखंडी दांडा धरला.

“चला, उशीर होऊन राहिला,” ती म्हणाली. “सोडा बरं.”

“हो,” तो म्हणाला, आणि दांडा सोडला नाही.

तिनं बोटं उकलायला बघितली. त्या एका हातात इतकी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती ओढत होती, तो धरून होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि तोंडानं तो सारखं हो, हो, हो म्हणत होता, घाबरलेल्या माणसानं गयावया करावी तसा. दारात रितिका येऊन उभी राहिली.

“आई, काहून असं करून राहिली तू? बाबा नाही म्हणून राहिले ना.”

शामलानं हात सोडले. शर्ट हातात घेऊन ती तिथंच फरशीवर बसली, आणि त्याच्या सगळ्या आजारपणात कधी नाही ते, मोठ्यानं रडली. प्रेमानंदनं दांडा धरलेलाच ठेवला. पुन्हा ओढणार नाहीत याचा भरवसा नसावा.

पारशिवनीला ती एकटी गेली. सुशीलनं हॉलच्या दारातच विचारलं, साहेब कुठं आहेत. त्यांना यायचं नव्हतं, एवढंच तिनं सांगितलं. तो म्हणाला, मग निदान त्यांची गोष्ट तरी सांगा. तिनं तीही सांगितली नाही. कामाचं तेवढं सांगितलं: फॉर्ममध्ये साखर, रक्तदाब लपवू नका, लपवलं तर पुढं पैसे मिळत नाहीत; मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करा; कागद कुठं आहेत ते घरातल्या एका माणसाला तरी सांगून ठेवा. आवाज पुष्कळ सुधारला होता. लोकांनी नीट ऐकलं, दोन-तीन जणांनी शंका विचारल्या, आणि चहा पिऊन सगळे गेले. सुशील पडदा गुंडाळत होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

मार्च आला आणि एजन्सी गेली. भिवापूरच्या कामानंही ती वाचली नाही. त्यातल्या अर्ध्या लोकांनी घरी जाऊन विचार बदलला होता.

आता शामला धंतोलीतल्या एका दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर बसते. गावोगावचे लोक पेशंटला आत ठेवून तिच्याकडं कार्ड घेऊन येतात. कंपनीचा निरोप आला की तो सांगायचं काम तिचं. मंजूर झालं तर सांगायला वेळ लागत नाही. नाही झालं तर ती खिडकीतून बाहेर येते, त्या माणसाला बाजूच्या बाकावर बसवते आणि मग सांगते. वरच्यांनी तिला दोनदा टोकलंय, यात वेळ जातो म्हणून. परवा कळमेश्वरकडचा एक तरुण नकार ऐकून तिच्यावरच भडकला, कार्ड तिच्या अंगावर फेकून तरातरा बाहेर गेला. तिनं ते उचललं, पुसलं, आणि तो परत येईल म्हणून समोरच ठेवून दिलं. त्याची बायको वर ऑपरेशनच्या टेबलावर होती. त्याला यावंच लागणार होतं.