चौथ्या दिवसाचं ट्रेनिंग

"सही इथे," जी. एम. साहेब म्हणाले आणि पेनचं टोपण स्वतः काढून पेन माझ्या हातात दिलं.

समोरच्या कागदावर चौदा नावं होती. प्रत्येक नावापुढे टाइप केलेलं, 'ट्रेनिंग पूर्ण'. खाली ट्रेनिंग इनचार्जच्या सहीसाठी मोकळी जागा. इनचार्ज मी.

"साहेब, ट्रेनिंग चार दिवसांचं होतं. तीनच दिवस झालेत."

"चौथ्या दिवशी काय होतं?"

"गॅसमध्ये कोणी पडला तर त्याला बाहेर कसं काढायचं, ते."

"अहो, पण अजून कोणी पडलेलंच नाही."

मोठ्यांपुढे मान डोलावण्याची माझी सवय जुनी, लग्नाच्या बैठकीपासूनची. मी सही केली. तासाभरात कागद मुंबईला फॅक्स झाला.

आता हा गॅस कसला ते सांगतो. नव्वदीच्या दशकातली शेवटची वर्षं. सातारा आणि सांगलीच्या मधे एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी प्रोसेस इंजिनिअर होतो. उसाची मळी यीस्ट घालून आंबवली की अल्कोहोल होतं आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो आम्ही वर्षानुवर्षं सरळ हवेत सोडत होतो. मग पृथ्वी तापत चालल्याची चर्चा सुरू झाली आणि एका परदेशी फंडाने मुंबईच्या बँकेमार्फत स्वस्त कर्ज देऊ केलं. हा गॅस पकडायचा, पाण्याने धुवायचा, दाबून आणि थंड करून त्याचा द्रव करायचा, सिलिंडरमध्ये भरायचा आणि सोडावॉटरवाल्यांना विकायचा.

मी फंडाच्या तज्ज्ञाला विचारलं होतं, की सोडा पिऊन माणूस ढेकर देणार, म्हणजे गॅस पुन्हा हवेतच. मग उपयोग काय? तो हसला नाही. म्हणाला, "हा गॅस हाताळणारी माणसं तुमच्या देशात किती आहेत? आधी ती तयार होऊ देत. जमिनीत पुरायचं नंतर बघू." म्हणून कर्जाला अट होती. पहिला हप्ता यंत्रांसाठी. दुसरा, माणसं शिकल्याचा दाखला पोचल्यावर.

चौथा दिवस राहिला त्याचं कारण साधं होतं. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मास्क असे दोन सेट परदेशातून यायचे होते, ते कस्टममध्ये अडकले. सेट नाहीत म्हणून दिवस पुढे ढकलला, तर म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाची जत्रा आली आणि चौदांतले नऊजण रजेवर गेले. ते परत आले तोवर नव्या प्लँटच्या ट्रायलची तारीख उभी राहिली.

इतरांना हा गॅस म्हणजे सोड्यातले बुडबुडे. मला तो ठाऊक होता. रंग नाही, वास नसल्यात जमा. हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्ड्यात पाण्यासारखा साचून राहतो. भरपूर साचला असेल तर माणूस दोन-चार श्वासांत खाली बसतो, हाक मारायलाही उरत नाही. सही केल्यापासून मी दिवसातून सहा वेळा प्लँटला चक्कर मारून माणसं मोजू लागलो. घरी जेवतानाही ओठ हलत असावेत, कारण बायको म्हणाली, "पोळ्या काय मोजताय? तीनच आहेत. आणि तुमच्याकडे बघता त्याही जास्त आहेत."

ट्रायलचा तिसरा दिवस, सकाळचे दहा. टॉवरमध्ये गॅस धुतलेलं पाणी, त्यात मुरलेल्या गॅससकट, खालच्या आठ फूट खोल खड्ड्यात जमायचं आणि तिथून पंपाने बाहेर फेकलं जायचं. खड्ड्याचं तोंड दोन फूट चौकोनी, आत लोखंडी शिडी. त्या दिवशी पंप पाणी उचलेना. पाइपच्या तळाच्या झडपेत, फूटव्हॉल्व्हमध्ये, कचरा अडकला असणार. संपत नावाचा पंचविशीतला हेल्पर होता, त्याने पँट दुमडली आणि तो उतरला. कोणाला विचारलं नाही. का विचारावं? आपल्याकडचा शेतकरी फूटव्हॉल्व्ह साफ करायला लहानपणापासून विहिरीत उतरतो. तुम्ही-आम्ही स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातो तितकं ते सोपं.

मी पॅनल रूममध्ये होतो. बाहेरून हाक ऐकू आली, "संपा. ए संपा, बोल की रं."

मी धावलो. वाकून पाहिलं. गुडघाभर पाण्यात, पंपाला टेकून, मान छातीवर टाकून संपत बसला होता. दुपारी जेवून डुलकी लागावी तसा. त्याचं ते शांत बसणं मला अजून दिसतं.

हाक मारणारा त्याचा सख्खा भाऊ, बाजीराव. दाखल्यावर तिसरं नाव त्याचं. तालमीत कमावलेलं शरीर. त्याने टॉवेल भिजवून तोंडाला बांधला होता आणि एक पाय शिडीवर टाकला होता. ओला टॉवेल धुरात थोडाफार चालतो. हा गॅस त्यातून सरळ आरपार येतो. हे आम्ही चौथ्या दिवशी सांगणार होतो. त्याच्यामागे शिफ्ट फोरमन हणमंतराव, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, तेही बूट काढत होते. आणखी दोघांनी चपला काढून ठेवल्या होत्या. मला एका खड्ड्यात पाच माणसं दिसू लागली. पाचांचीही नावं माझ्या सहीच्या वर.

"थांब," मी म्हणालो. बाजीराव थांबला नाही. मग मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि खड्ड्याच्या तोंडावर बसलो. त्याला अडवण्याची ताकद माझ्यात नव्हती, पण तोंड दोन फुटी होतं आणि मी त्याहून थोडा जास्त.

"सायेब, उठा."

"नाही."

"माजा भाऊ हाय आत."

"माहीत आहे. तू उतरलास तर दोन होतील. मग हे तिघे."

"मग मरू द्यायचा व्हय त्याला?"

मी खड्ड्याची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्याला मला उचलून बाजूला ठेवायला किती वेळ लागला असता? त्याने माझी कॉलर धरलीही.

इतक्यात हणमंतराव खाली वाकले. "सायेब, तुमी बसलाय खरं, पर आतली हवा बंद केलीसा."

खरं होतं. आणि उठलो असतो तर बाजीराव गेला असता. हणमंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि परेडच्या मैदानावरचा आवाज काढला. "बाज्या. कँटीनच्या हिरीवर कळशी काढायचा गळ हाय. दोरासकट आण. पळ."

आणि बाजीराव पळाला. आत्ता माझी कॉलर धरून उभा असलेला माणूस पाठमोरा पळत सुटला होता.

मी उठलो. एकाला गॅसची लाइन बंद करायला पाठवलं, एकाला गाडी आणायला. मी आणि हणमंतरावांनी कॉम्प्रेस्ड एअरचा पाइप ओढून आत सोडला. हवा फसफसत खाली जायला लागली. संपत हलला नाही.

गळ आला. पहिल्यांदा शर्टात अडकला, शर्ट फाटला. दुसऱ्यांदा नुसता पंपावर वाजला. "हळू, गड्या. घाई करू नगंस," हणमंतराव बाजीरावाच्या कानाशी म्हणत होते. तिसऱ्यांदा गळ कमरेच्या पट्ट्यात बसला. बाजीरावाने ओढलं. तालीम कशासाठी केली होती ते त्या दिवशी कळलं. संपत शिडीवर आपटत वर आला. ओठ काळेनिळे. हणमंतरावांनी त्याला आडवा करून त्याच्या तोंडात श्वास भरायला सुरुवात केली. हे त्यांना फौजेने शिकवलं होतं, मी नव्हे. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी संपत खोकला, ओकला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "फूटव्हॉल्व्ह निघंना."

बाजीराव तिथेच मातीत बसला आणि रडला. मी टॉवरच्या मागे जाऊन उलटी करून आलो.

संपत तीन दिवस साताऱ्याला दवाखान्यात होता. अपघाताच्याच संध्याकाळी मी झालेलं सगळं लिहायला घेतलं, तेव्हा जी. एम. साहेबांनी मला बोलावलं.

"माणूस वाचला ना? मग हे लिहून कशाला काढायचं?"

"वाचला म्हणून लिहितोय, साहेब. गेला असता तर माझी हिंमत झाली नसती."

हे मी धीटपणे म्हणालो असं घरी सांगितलं आहे. खरं म्हणजे बोलताना मी दाराची कडी धरून उभा होतो. दाखला मागे घेत असल्याचं पत्र मी मुंबईला पाठवलं. दुसरा हप्ता अडकला, प्लँट बंद राहिला, आणि जी. एम. साहेब सीझन संपेपर्यंत माझ्याशी चिठ्ठ्यांतून बोलत होते.

सेट आल्यावर चौथा दिवस झाला. ट्रेनिंगच्या मॅन्युअलमध्ये मी स्वतःची एक ओळ घातली: 'पडलेल्या माणसाचा भाऊ जवळ असेल तर त्याला सगळ्यात आधी काम द्या. काम लांबचं असावं, पण खरं असावं.'

फंडाच्या तज्ज्ञाने त्या ओळीवर पेन्सिल ठेवली. "हे कुठल्या स्टँडर्डमध्ये आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग काढा. भाऊ एकाच शिफ्टला असणं, असं कितीदा होणार?"

मी चौदा नावांची यादी पुढे केली आणि नाती सांगत गेलो. सख्ख्या भावांच्या दोन जोड्या. मामा-भाच्यांची एक. दोन साडू. तिघे चुलतभाऊ. हणमंतरावांचा जावई. कारखान्यात नोकरी लागते ती ओळखीने, आणि ओळख म्हणजे नातं. त्याने यादी दोनदा वाचली आणि ओळ तशीच ठेवली.

नंतर इतर कारखान्यांतही मी हे ट्रेनिंग दिलं. गॅसची माहिती नंतर सांगतो. आधी विचारतो, तुमच्यात कोण कोणाचा कोण.